मोराच्या अडकित्त्याची पुराव्यासकट पाठवणी

आमच्या घरात सुपारी कुणीही खात नाही. अडकित्ते मात्र दोन कपाटं भरून आहेत.

हे अडकित्ते बाबांचे. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. बाबा नोकरीला लागल्यापासून अडकित्ते जमवत आलेत. घोड्याचा, पोपटाचा, नमस्कार करणाऱ्या बाईचा, आणि एक नेमका कशाचा आहे यावर माझ्या जन्माआधीपासून वाद चालू आहे. (बाबा म्हणतात, हंस. आई म्हणते, नळाची तोटी.) सगळ्यात देखणा मोराचा. जुनं पितळ, पिसाऱ्यावर बारीक नक्षी आणि चेहऱ्यावर सुपारीबद्दल संपूर्ण तुच्छता. तो बाबांनी पहिल्या पगारातून घेतलेला. त्या महिन्यात ते दोन्ही वेळा वडापाव खाऊन राहिले, ही गोष्ट आम्हाला दर वाढदिवसाला ऐकवली जाते.

मग आमची डोंबिवलीतली, कोपरची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि भाड्याचं लहान घर बघायची वेळ आली. आई म्हणाली, "त्या घरात एक तर मी येईन, नाहीतर हे हत्यारांचं दुकान."

बाबांनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.

शेवटी तह झाला. एक कपाट रिकामं करायचं. "सुरुवात मोरापासून," बाबा म्हणाले. "सगळ्यात अवघड निरोप आधी उरकावा." (आईचं म्हणणं, सुरुवात तोटीपासून केली असती तरी कुणी रडलं नसतं.)

अडचण अशी की विकण्याच्या बाबतीत बाबांचा एक घाव अजून ओला होता. गेल्या वर्षी त्यांनी जुन्या वस्तूंच्या एका साइटवर पितळी दौत विकलेली. घेणाऱ्याने सांगितलं, खोक्यात दगड निघाला. साइटने त्याचे पैसे परत केले, दौत त्याच्याकडेच राहिली. बाबांना दौतीचं एवढं वाटलं नाही. "अगं, त्याने फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी केलेली!" असं मात्र ते आठवडाभर म्हणत होते. आता मोराचंही तसंच झालं असतं, तर बाबांनी पुन्हा कुणाला गुडघा दाखवला नसता.

म्हणून विक्रीची सूत्रं माझ्याकडे आली. घरच्यांच्या मते मी या कामाला जन्मजात लायक होते. मला माणसांशी बोलता येत नाही, पण त्यांच्यावर संशय उत्तम घेता येतो. शेअर रिक्षात "इथे थांबवा" म्हणायला मी लाजते आणि पुढच्या नाक्यावर उतरून मागे चालत येते. पण चालताना रिक्षाचा नंबर पाठ केलेला असतो.

मी सगळं वाचून काढलं आणि नियम केले. बोलणं फक्त साइटवरच. पैसे आल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात दिसले पाहिजेत. घेणाऱ्याने पाठवलेला कुठलाही कोड स्कॅन करायचा नाही. वस्तू दाखवण्यापासून खोक्याला चिकटपट्टी लावेपर्यंत एकच सलग व्हिडिओ, मध्ये एकदाही न थांबवता. आणि एक गुप्त खूण, म्हणजे कुणी बदली माल परत पाठवला तर लगेच पकडता येईल.

खुणेसाठी मी नेलपॉलिशची बाटली घेऊन मोराच्या शेपटीकडे वळले, तेव्हा बाबांचा आवाज सोसायटीच्या गेटपर्यंत गेला.

"नेलपॉलिश? मोराला? अगं, तुझ्या पणजीच्या वयाचा आहे तो!"

"मग पणजीला लावलं नसतं का?" आई म्हणाली.

शेवटी मोर ज्या स्टीलच्या डब्यात जाणार होता, त्या डब्याच्या बुडाला मी गुलाबी ठिपका दिला. डबा चुलतभावाच्या मुंजीत मिळालेला. तसे आईकडे अर्धा डझन तरी होते, पण ठिपकेवाला एकच. मी स्वतःवर खूश होते.

घेणारे मिळाले कल्याणचे श्री. केळुसकर. त्यांनी घासाघीस केली नाही. माझा संशय तिथेच उभा राहिला. मराठी माणूस जुनी वस्तू घेतो आणि "काही कमी होईल का?" विचारत नाही? वर त्यांचे मेसेज असे: "आदरणीय ताई, मयूराच्या चोचीचे एक छायाचित्र कृपया पाठवाल का?" एवढं शुद्ध कोण लिहितं? ज्याला काहीतरी लपवायचंय तोच! मग त्यांनी सुचवलं, "मी डोंबिवलीला येऊन घेऊन जातो." म्हणजे अनोळखी माणूस, समोरासमोर, आणि मला त्याच्याशी बोलावं लागणार. मी तातडीने कळवलं की सुरक्षेच्या कारणास्तव वस्तू कुरियरनेच येईल. (दोन स्टेशनांवर राहणाऱ्या माणसाकडे जाण्यासाठी ते पार्सल आधी भिवंडीला गेलं.)

राहिला व्हिडिओ. त्यात कुणीतरी बोलणं आवश्यक होतं. मी तालीम केली. आई म्हणाली, "ओठ हलताना दिसतायत, पण आवाज शेजारच्यांचा येतोय."

तेव्हा ठाण्याहून सुमनआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, टेंभी नाक्याजवळ राहते आणि तिथल्या प्रत्येक हळदीकुंकवाचं सूत्रसंचालन करते. घट बसायच्या आदल्या दिवशी ती सकाळीच हजर झाली. नेसली होती पैठणी.

"आत्या, चेहरा दिसणार नाहीये. फक्त हात आणि डबा."

"असू दे गं. आवाजात पैठणी आली पाहिजे."

मी मोबाईल धरला. आत्याने सुरू केलं, "नमस्कार मंडळी! आज आपण इथे कशासाठी जमलोय? तर आपल्या दादाच्या लाडक्या मोराला निरोप द्यायला!" बाबांनी मोर कॅमेऱ्यापुढे धरला, फिरवला, चोच उघडून दाखवली, कापसाच्या गादीवर डब्यात निजवला आणि वरून आणखी कापूस घातला. त्याच्या मानेखाली थोडा जास्तच. झाकण लावलं. इथपर्यंत पुरावा सुप्रीम कोर्टात टिकला असता.

मग बाबा डबा आत्याच्या हातात द्यायला गेले आणि आई ओरडली.

"हातात नका देऊ! धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडणं होतात!"

"अगं, डब्यात आहे ती!"

"धार डब्यात गेली म्हणून बोथट होते का? खाली ठेवा. त्यांना उचलू द्या."

भाऊबहिणीत भांडण नको म्हणून बाबांनी डबा टेबलावर ठेवला. व्हिडिओ थांबवायचा नाही असा माझाच नियम, त्यामुळे मी रेकॉर्ड करत राहिले. त्याच टेबलावर आईने आत्यासाठी भरलेला बेसनाच्या लाडवांचा डबा होता. (आमच्या घरातून कुणी रिकाम्या हाताने जात नाही.) नेमक्या त्याच क्षणी आत्याला सूत्रसंचालनाची उकळी फुटली.

"आणि हा सगळा कार्यक्रम जिने जमवून आणला, ती आपली मुग्धा आता दोन शब्द बोलेल!"

माझे कान तापले. मी सरळ फरशीकडे बघायला लागले. हात तेवढा मोबाईल धरून वर राहिला.

"बोल गं, लाजतेस काय! हाच ना तो डबा?"

"हो," मी फरशीला म्हणाले.

टाळ्या झाल्या. डबा खोक्यात गेला, चिकटपट्टी लागली, आईने खोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. आत्या आपला डबा पिशवीत घालून ठाण्याला गेली. मला स्वतःचा आवाज ऐकवत नाही, त्यामुळे तो व्हिडिओ मी न बघता जपून ठेवला.

काही दिवसांनी केळुसकरांचा मेसेज आला. "आदरणीय ताई, डबा पोहोचला. बेसनाचे लाडू मिळाले, मनःपूर्वक आभार. अडकित्ता स्वतंत्र येणार आहे का?"

मी मेसेज वाचून दाखवला. बाबा खुर्चीत बसले. रिकाम्या जागेकडे, म्हणजे कपाटात मोर असायचा तिथे बघून म्हणाले, "त्या वेळी दगड. आता लाडू."

"प्रगती आहे," आई म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता.

मी मात्र पेटले. लाडू! केवढा हा निर्लज्जपणा! मी केळुसकरांना डब्याच्या बुडाचा फोटो मागितला. त्यांनी लगेच पाठवला, तोही चांगल्या उजेडात. बुडाला ठिपका नव्हता.

"बाबा, डबासुद्धा बदललाय! सराईत आहे हा माणूस!"

"आपल्या मुंजीतल्यासारखाच डबा कुठून आणला गं त्याने?" आईने विचारलं.

हा प्रश्न फार चांगला होता. मी तो ऐकलाच नाही. कारण तोवर मी इंग्रजीत पत्र लिहायला बसले होते. मराठीत मी रिक्षा थांबवू शकत नाही, पण इंग्रजीत मी वाघीण आहे. शाळेत आम्हाला मुख्याध्यापिकांना सुट्टीचे अर्ज इतके लिहायला लावत, की त्या भाषेत मला भीती अशी उरलेलीच नाही. मी साइटला आणि केळुसकरांना एकत्र कळवलं, की तुमचा कट उघडा पडलेला आहे, गुप्त खुणेचा पुरावा आमच्याकडे आहे, आणि सोबतच्या सलग व्हिडिओनंतर शंकेला तसूभरही जागा उरणार नाही. व्हिडिओ जोडला. पाठवला.

तासाभराने केळुसकरांचं उत्तर आलं.

"आदरणीय ताई, व्हिडिओ सहकुटुंब पाहिला. आत्याबाईंचं निवेदन फारच छान. त्या आपल्याला बोलायला सांगतात, तेव्हा कृपया टेबलाच्या उजव्या बाजूला बघावं. सोबत आमचाही व्हिडिओ जोडत आहे. मागे एकदा मला समईऐवजी वीट आली होती, तेव्हापासून मीही पार्सल पुराव्यानिशीच उघडतो."

त्यांच्या व्हिडिओत ते स्वतः, त्यांची बायको, आई आणि साक्षीला बोलावलेले सोसायटीचे सेक्रेटरी दिसत होते. खोकं चारही बाजूंनी दाखवून झालं, चिकटपट्टी कापली, झाकण निघालं. चौघंजण बराच वेळ लाडवांकडे बघत राहिले. मग सेक्रेटरींनी हात पुढे केला आणि केळुसकर म्हणाले, "थांबा! पुरावा आहे तो."

आता आमचा व्हिडिओ बघणं भाग होतं. आम्ही तिघांनी तो जेवणाच्या टेबलावर लावला. त्याच टेबलावर. पडद्यावर बाबा मोराचा डबा खाली ठेवतात. आत्या चेहऱ्यासकट कॅमेऱ्यात वाकून हसत हात मागे नेते आणि बाजूचा लाडवांचा डबा उचलते. विचारते, हाच ना तो डबा? आणि एक बारीक पण अगदी स्पष्ट आवाज म्हणतो, "हो."

"आवाज चांगला आलाय गं तुझा," आई म्हणाली.

बाबांनी आत्याला फोन लावला. "सुमन, लाडू कसे झालेत?"

"दादा, माझे उपास ना! डबा देवीपुढे ठेवलाय. रोज नैवेद्य दाखवते."

"उघडून?"

"छे! उघडला तर मलाच मोह होईल. देवीला झाकणातून दिसतं."

बाबांनी डोळे मिटले. मोर सुखरूप होता, हे त्यांच्या खांद्यांवरूनच कळलं. मग त्यांनी आत्याला सांगितलं, की ती घट बसल्यापासून देवीला अडकित्त्याचा नैवेद्य दाखवते आहे. पलीकडे इतकी शांतता पसरली, की टेंभी नाक्यावरच्या देवीचा लाऊडस्पीकर आमच्या घरात ऐकू आला.

"तरीच!" आत्या म्हणाली. "मला वाटलं, वहिनीचे लाडू या वेळी जड झालेत."

"जड?" आईने फोन ओढून घेतला. "माझे लाडू जड?"

(धारेची वस्तू हातातून हातात न देताही भांडण होतं, ते असं.)

आता आत्या अडून बसली. देवीपुढची वस्तू दसऱ्यापर्यंत हलवणार नाही. "आणि बरंच झालं की! खंडेनवमीला हत्यारांची पूजा असतेच. आयतं हत्यार घरात आहे." मी केळुसकरांना माफी मागणारा मेसेज लिहिला. मराठीत, त्यामुळे तो चार शब्दांचा झाला. त्यांचं उत्तर आलं: "सावकाश. देवीपेक्षा भरवशाचा मध्यस्थ कुठे मिळणार?"

दसऱ्याला सगळे ठाण्यात आत्याकडे जमलो. व्हिडिओ बघेपर्यंत केळुसकर धोतर-टोपीतले कुणी वृद्ध असतील असं मला वाटलेलं. प्रत्यक्ष आले ते जीन्समधले, आईंना सोबत घेऊन, आणि माझ्याइतकेच लाजत. पहिली पाच मिनिटं आम्ही दोघं एकमेकांच्या चपलांशी बोललो. मग आत्याने हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या फुलाने सजलेला डबा आणला. बुडाला गुलाबी ठिपका. बाबांनी झाकण उघडलं. मोर तिथेच होता, तोच तुच्छ चेहरा, फक्त कपाळाला कुंकू.

बाबांनी तो एकदा पदरासारख्या मऊ फडक्याने पुसला आणि केळुसकरांपुढे धरला.

"खाली ठेवा!" आई, आत्या आणि केळुसकरांच्या आई एकदम ओरडल्या.

बाबांनी मोर टेबलावर ठेवला. उचलण्याआधी आम्ही सगळ्यांनी मोबाईल बाहेर काढले.

केळुसकर मोराकडे बघत होते आणि बाबा केळुसकरांकडे. थोड्या वेळाने बाबा आपणहून म्हणाले, "माझा डावा गुडघा जरा त्रास देतो हो हल्ली." मला इतकं बरं वाटलं, की मी पाण्याचा ग्लास आणायला आत गेले आणि तिथेच थांबले.

निघताना केळुसकरांच्या आईंनी लाडवांचा डबा परत केला. "तुमचा व्हिडिओ बघितला, खटला मिटला, मग खाल्ले हो. हलके होते अगदी." आईने आत्याकडे विजयी मुद्रेने बघितलं आणि डबा घेतला. तो जड लागला. "रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात," केळुसकर लाजत म्हणाले. "आमच्याकडे एक जास्तीचा होता."

आत अडकित्ता होता. हंसाचा.

"तोटी!" आई किंचाळली. "दुसरी तोटी!"

कपाट अजून भरलेलंच आहे. बाबा आणि केळुसकर दर रविवारी फोनवर तासभर बोलतात, आणि त्यातून आणखी दोन पोपट आमच्याकडे यायला निघाले आहेत, असं मला ऐकू येतंय. साइटवर मला पाच तारे मिळाले. खाली केळुसकरांनी लिहिलंय: "वस्तू उत्तम. लाडू त्याहून उत्तम. विक्रेत्या ताई अत्यंत प्रामाणिक आहेत; फक्त त्यांच्या 'हो'वर कुणी विसंबून राहू नये."

त्याखाली साइटने मला विचारलं, हा अभिप्राय आपल्याला योग्य वाटतो का?

मी फरशीकडे बघितलं आणि 'हो' दाबलं.