पुढच्या चाकाजवळचं तेल

सुनंदाला, माझ्या बायकोला, हे ठाऊक नाही. आमच्या पूर्वालाही नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठीच, की तुम्ही कधी आमच्या बिल्डिंगमध्ये राहिला नाहीत — तुम्ही सावंतकाकूंना पाहिलेलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो होतो. चार बिल्डिंगा, मधे चिखल, पाणी टँकरचं. गाडी मात्र अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकट्या माझ्याकडे. सेकंडहँड, लाल, पण गाडी. आणि गाडीतलं कळणारा माणूसही मीच — म्हणजे असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

एका रविवारी कंपाउंडमध्ये बाह्या सरसावून मी इंजिनचं ऑइल स्वतः बदललं. गॅरेजवाले कसे लुटतात ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. जुनं काळं ऑइल डब्यात काढलं, जुना फिल्टर फिरवून काढला, नवा बसवला, नवं ऑइल ओतलं. आमचे सेक्रेटरी शहाभाई बाजूला उभे राहून सगळं बघत होते. ‘अरे, तुम तो एकदम मिस्त्री निकले!’ म्हणाले. मी काय फुगलो होतो म्हणून सांगू!

आठवडा गेला नसेल, सकाळी पुढच्या चाकाजवळ तेल दिसलं. बशीएवढं. मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ताटाएवढं. आणि गाडी उभी असायची ती बरोबर सावंतकाकूंच्या खिडकीसमोर.

काकू रत्नागिरीकडच्या. नवरा गेल्यावर तळमजल्यावरच्या घरात पाळणाघर चालवायच्या, त्यावरच त्यांचं पोट होतं. आमची पूर्वा तेव्हा चार वर्षांची, दिवसभर त्यांच्याकडे असायची. दर शनिवारी काकू वाटीत तेल घेऊन मारुतीला जायच्या, गाडीच्या बाजूनेच. कुणाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

मग पूर्वाला कावीळ झाली. पाठोपाठ वरच्या मजल्यावरचा एक मुलगाही आजारी पडला. दोघंही काकूंच्या पाळणाघरातले. टँकरचं पाणी आम्ही सगळेच पीत होतो — पण पाण्याचा संशय कुणाला येतो? जिन्यात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी त्या तेलावर राख टाकली. एका सकाळी राखेवर कुंकू लावून कापलेलं लिंबू होतं. बायका मुलांचे हात धरून लांबून जायला लागल्या. करणी हा शब्द पहिल्यांदा कोण बोललं, मला आठवत नाही. सुनंदा पूर्वाच्या उशाजवळून हलत नव्हती, आणि तिच्या तोंडीही तोच शब्द आला.

शहाभाई मात्र मला येऊन म्हणाले, ‘भाई, ये आपकी गाडी का तो नहीं?’

इथे थांबावंसं वाटतंय. पण नाही — सांगतो. मला तोवर कळलेलं होतं. आदल्याच दिवशी मी गाडी हायवेच्या कडेला नेऊन, इंजिन पुसून, ते चालू ठेवून टॉर्चने खाली पाहिलं होतं. तेल फिल्टरच्या कडेने झिरपत होतं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का, हे मी बघितलंच नव्हतं. ती इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर मी नवा फिल्टर, त्याच्या रिंगसकट, आवळला होता. अगदी नवशिक्याची चूक.

मी म्हणालो, ‘गाडी का तेल काला होता है, शहाभाई. ये देखो, कितना साफ है.’

साफ होतंच. नुकतंच बदललेलं, करडईच्या तेलासारखं पिवळं. माझ्या डब्यातलं काळं ऑइल त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे त्यांना पटलं. मी खोटं बोललो का? प्रत्येक शब्द तपासलात तर — नको, हे चाळे नकोत. खोटंच बोललो.

मग तेल कुणाचं? वाटी घेऊन कोण जातं?

एकेक करत मुलं पाळणाघरातून निघाली. पूर्वा बरी झाली, पण सुनंदाने तिला परत पाठवलं नाही. मी मान डोलावली. पोर काकूंकडे जायचंय म्हणून रडायची.

एका संध्याकाळी काकू आमच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. ‘भाऊ, तुम्ही एकदा सगळ्यांना सांगा ना, गाडीचं असेल म्हणून. तुमचं ऐकतायत सगळे. पोरं परत येतील हो.’

मी म्हणालो, ‘बघतो.’ माझ्यामागे सुनंदाने पूर्वाला जवळ ओढून घेतलं, ते काकूंनी पाहिलं.

अर्ध्या तासाचं काम होतं. पण गाडीखाली शिरताना कुणी बघितलं तर? गाडी दुसरीकडे लावायचीही भीती — तेल माझ्या मागोमाग आलं असतं. मी रोज त्याच जागी गाडी लावत राहिलो, आणि डाग रोज वाढत राहिला.

शेवटी काकू सामान टेम्पोत भरून गावी गेल्या. निरोप द्यायला कुणी खाली उतरलं नाही. मी खिडकीत होतो.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटाच घोडबंदर रोडने चेणे गावाच्या पुढे गेलो, झाडाखाली गाडी लावली, फिल्टर काढला. दोन रिंगा, एकमेकींना चिकटलेल्या. जुनी झुडपात भिरकावली आणि घरी आलो.

तेल थांबलं. काकू गेल्या आणि तेल थांबलं — आता कुणाला शंका राहणार होती? ‘बघितलंत?’ सुनंदा म्हणाली. मी ‘हो’ म्हणालो.

काकूंचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

पूर्वाला आता मुलगा आहे. तिला काकूंचा चेहरा आठवत नाही, त्यांच्यासाठी रडलेलं आठवत नाही. तेल आठवतं. त्या बाईची गोष्ट ती मुलाला सांगते, आणि तो डोळे मोठे करून मला विचारतो, ‘आजोबा, तुम्ही घाबरला नाहीत?’

मी नाही म्हणतो. त्याला मी फार शूर वाटतो.