एकेचाळीस जणांनी उघडलेली फाइल

हॉस्पिटलात तिला सगळे ‘झडती’ म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की झडती. हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. लिफ्टचं दार बंद होता होता आतून कुणीतरी म्हणालं, “थांब, झडती येतेय, बंद कर लवकर.” ती जिन्याने गेली. नावात खोटं काही नव्हतं, त्यामुळे रागही येईना. लोकांच्या कामाची झडती घेणं हीच तिची नोकरी होती.

वकिलीची सनद मिळाल्यावर ती आधी विमा कंपनीत लागली होती. तिथे कामच असं की एखाद्याने दावा केला की त्याच्या दवाखान्याच्या सगळ्या जुन्या नोंदी मागवायच्या आणि नाही म्हणायला कारण सापडेपर्यंत वाचायच्या. तिचा हात त्यात बसला. एका शिंप्याच्या फाइलमध्ये तिने बारा वर्षांपूर्वीची एक ओळ शोधून काढली: ‘छातीत जळजळ’. शिंपी हृदयविकाराने गेला होता. आजार आधीपासून होता आणि लपवला, असं लिहून तिने दावा फेटाळला. त्याची बायको कचेरीत आली, रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, “अहो, ती जळजळ माझ्या हातच्या तिखटाने होत होती. डॉक्टरांना मीच सांगितलं होतं.” त्यानंतर आठ महिने ती तिथे राहिली, पण फाइल उघडली की आधी ती बाई समोर येई. शेवटी तिने राजीनामा दिला.

तेव्हाच नवा कायदा आला होता. रुग्णांच्या नोंदी सांभाळायला प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलला एक गोपनीयता अधिकारी नेमावा लागे. ती नेमली गेली. तळघरात, जुन्या कागदांचं दालन आणि चादरी धुण्याची खोली यांच्या मधे तिला एक खोली मिळाली. दिवसभर भिंतीपलीकडे यंत्रं घरघरत. दर सोमवारी सकाळी ती संगणकावरची एक यादी काढी: कुणी कुणाची फाइल उघडली, किती वाजता, किती मिनिटं. ज्याचा उपचाराशी संबंध नाही त्याला खाली बोलावणं जाई. चौदा वर्षं हे चाललं. लोक चळाचळा कापत नसत, पण तिच्या खोलीत बसून कुणी कधी चहा घेतला नाही.

मग ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरचं प्रकरण झालं.

सिस्टर तिशी ओलांडलेली, कामाला वाघीण. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत त्यांच्या हातात हवं ते ठेवणारी. एक दिवस ती निर्जंतुक हातमोजे घालून उभी राहिली आणि तिला हलताच येईना. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. तिला तिथल्याच मानसोपचार विभागात दाखल केलं. अकरा दिवस ती तिथे होती. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूला सांगितलं होतं की परगावी प्रशिक्षण आहे. घरात तीन वर्षांची मुलगी होती.

ती घरी गेल्यानंतरच्या सोमवारी वकीलबाईने यादी काढली आणि ती संपेचना. उपचार करणारे वगळले तरी एकेचाळीस नावं. हाडांचे डॉक्टर, क्ष-किरणवाले, औषध दुकानातले दोघे, आहारतज्ज्ञ. एकाने तर तीन वेळा उघडली होती. सत्ताविसावं नाव प्रयोगशाळेतल्या एका बाईचं होतं. ती वकीलबाईची सख्खी वहिनी.

चौकशी तीन आठवडे चालली. कुणी म्हणे चुकून हात लागला. कुणी म्हणे संगणक उघडाच होता, मागून दुसऱ्याने पाहिलं असेल. बहुतेक म्हणाले, “काळजी वाटली हो. आपलीच सिस्टर आहे.”

“मग भेटायला गेलात?” ती विचारी.

भेटणाऱ्यांची वही तिच्या टेबलावरच असे. अकरा दिवसांत सिस्टरला दोनच माणसं भेटून गेली होती. एक तिचा नवरा, आणि दुसरी थिएटरची फरशी पुसणारी मावशी. मावशीला संगणक वापरण्याची मुभाच नव्हती.

वहिनी सगळ्यांत शेवटी आल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

“चार मिनिटं,” वकीलबाई म्हणाली. “काय वाचलंत, वहिनी?”

“तू मला असं विचारणार? तापाने फणफणली होतीस तेव्हा रात्रंदिवस उशाशी कोण बसलं होतं?”

“तुम्हीच बसला होतात. काय वाचलंत?”

“सगळं,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “सगळ्यांनी वाचलं, मीही वाचलं. तुझ्याइतकं सोवळं कुणाला जमत नाही, बाई. आम्ही साधी माणसं.”

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, “एक नाव गाळलंस तर जग बुडणार नाही.”

“दादा, एक गाळलं तर उरलेल्या चाळीसांना मी काय तोंड दाखवू?”

“त्यांना दाखव ना. आम्हाला दाखवू नकोस.”

सगळ्यांना लेखी ताकीद आणि पंधरा दिवसांचं निलंबन झालं, वहिनींनाही. आता मात्र हॉस्पिटल उघड अंगावर आलं. कॅन्टीनमध्ये ती बसली की शेजारचं टेबल रिकामं होई. तिच्या दारावर कुणीतरी भिंगाचं चित्र चिकटवलं; तिने ते काढलं तर दुसऱ्या दिवशी त्याहून मोठं. हाडांच्या डॉक्टरांनी संचालकांना पत्र लिहिलं की ही बाई माणसांना गुन्हेगार समजते. संचालक मऊ बोलणारे गृहस्थ होते. “नियम बरोबर आहे मॅडम,” ते म्हणाले, “पण जरा सबुरीने घ्या.” तिने काही सबुरीने घेतलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला आतून बळ आल्यासारखं झालं होतं. आपण एका बाईसाठी एकेचाळीस जणांशी उभा दावा मांडला आहे, या विचाराने ती ताठ चाले.

कायद्यात आणखी एक कलम होतं. ज्याच्या नोंदी पाहिल्या गेल्या त्याला तीस दिवसांत लेखी कळवायचं. कोणत्या विभागातल्या, कोणत्या काळातल्या, किती जणांनी पाहिल्या, सगळं स्पष्ट. असली पत्रं तिने शेकड्यांनी पाठवली होती. ठरलेला मसुदा होता. तारखा भरल्या, विभाग भरला, सही केली, पाकीट टपालात गेलं.

आठ दिवसांनी सिस्टर तळघरात आली. अंगावर गणवेश नव्हता. तिने ते पाकीट टेबलावर ठेवलं. वरची कड कात्रीने नीट कापलेली होती.

“हे तुम्ही पाठवलंत?”

“हो. बसा ना.”

“बसायला आले नाही. हे माझ्या सासूबाईंनी उघडलं.”

वकीलबाईला क्षणभर समजलं नाही. मग समजलं, आणि तिचे हात टेबलावरच राहिले.

“मी घरी नव्हते. हॉस्पिटलचं पाकीट पाहून त्यांना वाटलं, कामावरचं काही तातडीचं असेल, फोनवर वाचून दाखवू. वाचलं त्यांनी. मानसोपचार विभाग, अकरा दिवस, तारखांसकट.” सिस्टरचा आवाज अगदी सपाट होता. “आता त्या माझ्या मुलीला माझ्यापाशी एकटी सोडत नाहीत. मी आंघोळ घालायला घेतली की दारात उभ्या राहतात. नवरा म्हणतो, आईचंही बरोबर आहे.”

“मी... हे पत्र पाठवणं कायद्याने...”

“त्या एकेचाळीस जणांनी वाचलं आणि ते माझ्याकडे बघून गप्प बसले. ते मी सोसत होते. नंतर तुम्ही एकेकाला बोलावून चौकशी केलीत, तेव्हा ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. तेही सोसलं. पण घर तेवढं राहिलं होतं, मॅडम. तिथे तुम्ही पोचलात. त्यांच्यातलं कुणी पोचलं नव्हतं.”

वकीलबाई उठून उभी राहिली. माफी मागायला तोंड उघडलं, तर सिस्टर म्हणाली, “नको. तेही लेखी द्याल,” आणि निघून गेली.

भिंतीपलीकडे यंत्रं चालू होती. तिने स्वतःचं पत्र तीनदा वाचलं. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. पत्ता बरोबर, पाकीट बंद, मुदतीत पाठवलेलं. पत्र कुठे पाठवू, एवढा साधा प्रश्न तिने चौदा वर्षांत एकाही माणसाला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने उल्लंघनांच्या नोंदवहीत बेचाळिसावं नाव लिहिलं. तिचं स्वतःचं. आणि प्रत संचालकांकडे नेली.

“हे काय?” ते म्हणाले. “आपण कायद्याने चोख आहोत.”

“चोख आहोत. पण तिची गोष्ट घरात फुटली ती माझ्या सहीने.”

“मॅडम, वर कळवलंत तर नियामक कार्यालय हॉस्पिटलची तपासणी लावेल. एका पाकिटापायी? पान फाडा.”

“मग मी कालपर्यंत एकेचाळीस जणांना काय सांगत होते?”

ते पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले. तिने पान फाडलं नाही.

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. कॅन्टीनमध्ये इतका आनंद किती दिवसांत झाला नव्हता. कुणीतरी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं म्हणालं, “झडतीने झडतीची झडती घेतली!” हसण्याचा खडखडाट झाला. वहिनींनी दादाकरवी निरोप धाडला: आता कळलं ना, चूक कशी होते ते. तिने उत्तर पाठवलं की तुम्ही चूक केली नव्हती, तुम्ही वाचत बसला होतात. हे उत्तर पाठवायला नको होतं. त्यानंतर दादाच्या घरी तिचं जाणं कायमचं बंद झालं.

आणखी एक गोष्ट तिने करायला नको होती, तीही केली. एका दुपारी ती सिस्टरच्या घरी गेली. दार सासूबाईंनी उघडलं. साठीची, केस घट्ट बांधलेली बाई, कडेवर नात. वकीलबाईने ओळख सांगितली. बाईंनी तिला आत घेतलं नाही, पण दारही लावलं नाही.

“पत्र तुम्हीच लिहिलंत ना? मग तुम्हाला माहीत असणार. तिला नेमकं काय झालंय?”

“मला सांगता येणार नाही.”

“ती पोरीला काही करेल का? एवढं एकच सांगा. मला रात्र रात्र झोप नाही हो.”

वकीलबाईला उत्तर माहीत होतं. चौकशीसाठी तिने फाइल वाचली होती. त्यात डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं की मुलीला कसलाही धोका नाही. एक शब्द, फक्त ‘नाही’ म्हटलं असतं तर त्या बाईंचा जीव भांड्यात पडला असता आणि सिस्टरला कदाचित तिची लेक परत मिळाली असती. तो शब्द तिच्या ओठांवर आला.

“मला सांगता येणार नाही,” ती पुन्हा म्हणाली.

“मग आलात कशाला?” बाई फिस्कारल्या. “पत्रातून सांगता येतं, तोंडाने नाही?”

आतून सिस्टर आली. पाहुणी पाहून तिचा चेहरा दगड झाला. “तुम्ही निघा,” ती म्हणाली. “आई, विचारायचं ते मला विचारा. सांगायचं की नाही ते मी ठरवीन.”

दार लागलं. बंद दाराआड दोघींचे आवाज चढले, मग मुलगी रडू लागली. वकीलबाई झपाझप जिना उतरली.

सिस्टरने नियामक कार्यालयात तिच्याविरुद्ध तक्रार केली. खुलासा मागवला गेला तेव्हा वकीलबाईने लिहिलं, तक्रार खरी आहे. कार्यालयाने सात महिन्यांनी निकाल दिला: कायद्याचा भंग झालेला नाही. तो निकाल तिला शिक्षेपेक्षा कडू लागला. संचालकांनी तिचे दोन सहायक काढून घेतले. तिने रुग्णाला भरती करतानाच्या अर्जात एक रकाना वाढवला, पत्र कुठे आणि कुणाच्या हाती द्यावं असा. त्यावरही नोंदणीच्या खिडकीवरचे लोक करवादले, अर्ज भरायला वेळ लागतो म्हणून.

सिस्टरने ते हॉस्पिटल सोडून दुसरीकडे नोकरी धरली. मुलगी तिच्यापाशी एकटी राहू लागली की नाही, ते वकीलबाईला कधी समजलं नाही. विचारायचा तिला हक्क नव्हता.

दीड वर्षाने सिस्टर नोंदींच्या खिडकीवर आली; सहायक गेल्यापासून तिथे वकीलबाई स्वतःच बसे. स्वतःच्या फाइलची प्रत मागितली आणि उभ्याउभ्या सगळी पानं वाचली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. ‘रुग्ण कर्मचाऱ्यांच्या अंगावर धावून गेली.’

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “मला दंडाला धरून ओढलं. मी हात सोडवून घेतला. हे बदलून हवं.”

मानसोपचाराचे डॉक्टर बदलायला तयार होईनात. नोंद माझी, शब्द माझे, म्हणाले. वकीलबाई त्यांच्या खोलीत चार वेळा गेली. चौथ्या वेळी तिने कायद्याचं पुस्तक त्यांच्या जेवणाच्या डब्याशेजारी उघडून ठेवलं: रुग्णाला स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत नोंदीला जोडता येतं, आणि डॉक्टरला ते अडवता येत नाही. डॉक्टरांनी डबा बंद केला, सही केली, आणि म्हणाले, “तुमच्यासारखी माणसं हॉस्पिटलात असतात म्हणून आजारी माणसं बरी होत नाहीत.”

प्रत तयार झाल्यावर सिस्टर पुन्हा खिडकीशी आली. आपलं म्हणणं शब्द न् शब्द तसंच उतरलंय का, ते तिने बोट फिरवत पाहिलं. एका ठिकाणी ‘ओढलं’चं ‘ओढले’ झालं होतं. वकीलबाईने ते तिच्यासमोर दुरुस्त केलं आणि नवं पान छापून दिलं. सिस्टरने ते दुमडून पिशवीत टाकलं. मान वर केली नाही, आभार मानले नाहीत, आणि रांगेतल्या माणसांतून वाट काढत बाहेर निघून गेली.

मागच्या म्हाताऱ्याने खिडकीवर टकटक केली. “बाई, झालं का तुमचं? मला माझी फाइल पाहिजे. दोन दिवस हेलपाटे घालतोय मी, माणसं आहात का कोण आहात?”

“ओळखपत्र द्या,” वकीलबाई म्हणाली.