धारेवरून आलेला संशयित

पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन डोंगराच्या कडेने चाललेला माणूस दिसला की मला अजूनही भोकरदन तालुक्यातला तो शुक्रवार आठवतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकताच फौजदार म्हणून तिथल्या एका ठाण्यात रुजू झालो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा आणि सरकारी पगार घेणारा मी पहिलाच. त्यामुळे रोज सकाळी टोपी घालताना थोडी भीती वाटायची आणि खूप कृतज्ञताही.

तालुक्याच्या उत्तरेला अजिंठ्याची रांग आडवी पसरलेली आहे. हिमालय पाहिलेल्यांना हसू येईल, पण आमच्यासाठी तोच उंच मुलूख. तिच्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावर, एक देवीचं लहानसं देऊळ होतं. मूर्ती नाही, शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे बिनघडीव दगड, आणि त्यावर चांदीचा मुखवटा. मुखवटा कधीही डोंगर उतरत नाही, अशी गावाची पद्धत. दाराला फक्त कडी असायची, कुलूप कधी कुणी लावलंच नव्हतं.

सकाळची हजेरी घेऊन मी ठाणे डायरी बघत होतो, तेवढ्यात पायथ्याच्या गावचे पोलीस पाटील मोटारसायकलवर आले.

"साहेब, चोर धरला! देवीचा मुखवटा गेला अन चोर बी सापडला."

"मुखवटा मिळाला?"

"मुखवटा न्हाई मिळाला. चोर मिळाला."

"चोर कशावरून?"

"धारंधारंनं चालून राह्यला साहेब, चांगले दोन-तीन दिस झाले. खाली बराबर डांबरी रस्ता हाय, एश्टी हाय. अन आमच्या वस्तीवर आल्ता, तवा भाकर देऊन राह्यलो तर न्हाई म्हनला. बिलकुल शिवला न्हाई."

भाकरीचा मुद्दा पाटलांना फार मोठा वाटत होता. आमच्या भागात असं मानतात की ज्या घरचं खाल्लं त्या घराला दगा देता येत नाही. म्हणून ज्याच्या मनात पाप आहे, तो खातच नाही. एवढ्यावर गावाने निकाल देऊन टाकला होता.

थोड्या वेळाने बैलगाडीतून 'चोर' आला. पंचविशीचा, चष्मा लावलेला, हात बांधलेले. मी आधी दोरी सोडायला लावली. पंचांसमोर त्याची पिशवी उघडली. घोंगडी, वातीचा स्टो, पातेलं, चिवडा, गुळाचा खडा, बॅटरी, नकाशा. मुखवटा नव्हता.

"दरीत टाकला असंल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

आमचे जमादार वयाने माझ्या वडिलांएवढे, घरी उर्दू बोलणारे. त्यांनी त्या मुलाचे बूट काढायला लावले. टाचांना फोड आले होते. "साहेब, चोर इतकी मेहनत करत असता तर नोकरीच केली असती की," ते माझ्या कानाशी म्हणाले.

मी सगळ्यांना बाहेर बसवलं, चहा मागवला आणि विचारपूस सुरू केली.

"एकटाच निघालास?"

"हो."

"कशासाठी?"

"चालायला."

"चालत कुठे जायचं होतं?"

"कुठेच नाही साहेब. धार संपेपर्यंत."

"घरचे काय म्हणाले?"

"आई म्हणाली, डोकं फिरलंय याचं."

मला हसू आलं, पण तो हसला नाही. तो जालन्याचा, वडील गवंडीकाम करणारे. शाळेत शिक्षक म्हणून त्याची निवड झाली होती, चारित्र्य पडताळणी बाकी होती. नोकरीला लागण्याआधी एकदा हा डोंगर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावा, एवढंच त्याच्या मनात होतं. भाकरी का घेतली नाही? तर म्हणाला, "त्यांच्या घरचं कशाला कमी करायचं? माझं माझ्याजवळ होतं."

मग तो हळूच म्हणाला, "साहेब, माझं नाव गुन्ह्यात गेलं तर नोकरी गेलीच. आमच्या घरात कुणी शिकलेलं नाही."

ते वाक्य मला माझ्याच तोंडचं वाटलं. पण दया येऊन तपास होत नाही. गाव तक्रार द्यायला दारात बसलं होतं आणि मुखवटा तर खरोखरच गेला होता. मी त्याला म्हणालो, "चोरीचं राहू दे. चढायला लागलास तिथपासून सांग, काय काय पाहिलंस."

तो सांगू लागला. एका अंगाला खानदेशचा सपाट मुलूख, दुसऱ्या अंगाला आपली ज्वारी-कपाशीची रानं. मधली धार इतकी अरुंद की वारा आला की खाली बसावं लागे. खालच्या गुरांच्या घंटा वरपर्यंत ऐकू येत. बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा झाला. मग म्हणाला, "काल दिवस मावळायच्या आत देवळात पोचलो. देवीला नमस्कार केला."

"मुखवटा होता तेव्हा?"

"मुखवटा? नुसता तांदळा होता साहेब. त्यावर ओलं हळदीकुंकू आणि नवाकोरा खण, वाऱ्याने उडू नये म्हणून गाठ मारलेला. मला वाटलं, इथली देवी अशीच असते."

मी पेन खाली ठेवलं.

पाटलांना विचारलं तर ते म्हणाले, "खन हाय की तिथं. असंल कुन्या बाईनं ओटी भरली." मी आणि जमादार चढून गेलो. गाठ नीट, घट्ट, मायेने मारलेली होती. देवीला उघडं ठेवायचं ज्याच्या जिवावर येतं, तो माणूस चोर नसतो. तो घरचा असतो.

उतरून आम्ही ज्यांच्याकडे पूजेची पाळी होती त्या पुजाऱ्याच्या घरी गेलो. पुजारी राजूरला गेलेले. त्यांची बायको दारात उभी होती, आत खाटेवर तिची म्हातारी सासू. मी बूट बाहेर काढले आणि खाटेजवळ जाऊन बसलो.

"आजी, देवी घरी आलीय का?"

सुनेच्या हातातलं सूप खाली पडलं. म्हातारी मात्र शांतपणे म्हणाली, "आलीया. माझ्या उशाला हाय."

सून रडू लागली. "चार महिन्यापून उठल्या न्हाईत साहेब. जन्मभर त्यांनीच मुखवटा धुतला. एकच बोलून राह्यल्या, माय एकदा दिसू दे. मंग गवताच्या भाऱ्यात घालून आनला. सकाळी जल्दी नेऊन ठिवनार व्हते, त्याआधीच बोंब झाली. मालकाला बी ठाऊक न्हाई. गावाला कळलं तर आमची पाळी जाईल."

"आणि त्या पोराला बांधून नेलं, तेव्हा?"

तिने पदर तोंडात धरला. म्हातारी म्हणाली, "सूनबाई, दे साहेबाला. दुसऱ्याचं लेकरू हाय ते."

गावातल्या चार मोठ्या माणसांना मी तिथेच बोलावलं. एक जण म्हणाला, "देवी डोंगर उतरली, आता कसं करायचं?" त्यावर पोलीस पाटीलच उसळले, "अरे, जिनं इतकी वर्सं न्हाऊ घातलं तिच्याकडंच तर आल्ती! दुसरीकडं कुठं गेल्ती?" मग बाकीच्यांनीही माना डोलावल्या. गुन्हा अजून दाखल झालेला नव्हता. मुखवटा पुजाऱ्याच्या घरी मिळून आला, कुणाचीही तक्रार नाही, अशी डायरीत नोंद घेतली. पाळीही त्यांच्याकडेच राहिली.

ठाण्यात परतल्यावर मुलाला सगळं सांगितलं आणि म्हणालो, तुझ्या पडताळणीत माझ्याकडून काही अडचण येणार नाही, आता एसटीने घरी जा. तो बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला, "अजून धार बाकी आहे साहेब." दारातून मात्र मागे वळला. "त्या वहिनींना सांगू नका, माझ्या बोलण्यावरून तुम्ही तिथे पोचलात ते. मी नमस्कार करायला गेलो होतो, चुगली करायला नाही."

पुढे अनेक ठाणी झाली, मोठे गुन्हेही हाताळले. त्या दिवसापासून एक सवय मात्र लागली. समोर बसलेल्याला 'तू काय केलंस' हे विचारण्याआधी 'तू काय पाहिलंस' हे विचारायचं. संशयित समजून आणलेला माणूस पुष्कळदा आपला एकमेव साक्षीदार असतो, आणि आपण त्याला गप्प करण्यात वेळ घालवतो.

त्या सुनेने नंतर मला विचारलं होतं, "साहेब, तुमाला कसं कळलं?"

मी म्हणालो, "गाठ पाहून कळलं." ते खोटं नव्हतं. बाकीचं त्या मुलाच्या शब्दाखातर मी आजवर तिला सांगितलं नाही.