राजानं बहिणीला का कोंडलं?

चाकणच्या आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. महिनाभर माझा प्रत्येक गुरुवार लेकीच्या गेमपुढे गेला. बारावी झालेली पोरगी माझ्याशी धड बोलत नव्हती. गेम बनवायला शिकवणाऱ्या कॉलेजात, बंगळुरूला, तिला जायचं होतं आणि मी एका शब्दात नाही म्हणून मोकळा झालो होतो. तेव्हापासून "जेवायला वाढू?" याच्यापुढे आमचं बोलणं सरकत नव्हतं. ते फार लागत होतं. निदान ती काय खेळते ते तरी समजून घ्यावं म्हणून मी शेजारी बसायला लागलो.

समजेल तर शपथ. मिनिटभर मारामारी झाली की अर्धा तास सगळे कोड्यात बोलणार. राजानं सख्ख्या बहिणीला कोंडलेलं. पुढे कळलं, बहीण म्हणजे राजाचीच एक हरवलेली आठवण. मग राजाही आधीच मेलेला निघाला, तोही कुठल्यातरी दुसऱ्या जगात. सरळ सांगायला यांचं काय जातं, म्हणून मी मनातल्या मनात चिडायचो.

मी कंपनीत क्वालिटी तपासणीत आहे. पार्ट नापास झाला की आम्ही कागदावर पाच वेळा 'का' विचारतो, पाचव्या 'का'पर्यंत खरं कारण हाती लागतं. तसाच कागद मी त्या राजासाठी आखला. बहिणीला का कोंडलं? ती चंद्र विझवणार होती. का विझवणार होती? चंद्र म्हणजे राजाची भीती. तिसऱ्या 'का'ला अडकलो आणि कागद लेकीपुढे धरला.

ती इतकी हसली की हातातला कंट्रोलर खाली ठेवावा लागला. "बाबा, याचं उत्तर मलापण माहीत नाही. लिहिणाऱ्यालापण नसेल."

"मग खेळतेस कशाला?"

"मी असते तर हे कसं सांगितलं असतं, ते बघत बसते." मग कागद परत देत ती हळूच म्हणाली, "राजाला एवढं विचारलंत. मला एकदा तरी विचारायचं, का जायचंय ते."

मी ओशाळलो. विचारलं. ती तासभर सांगत होती, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. शेवटी तिनं मला विचारलं, "तुम्ही 'नाही' का म्हणालात?"

माझं पहिल्याच 'का'ला अडलं.