लिंबावरून उडालेली गाडी

परवा ट्रॅक्टरचं गिअर ऑइल सांडलं आणि त्या उग्र वासासरशी मी मनानं थेट जुन्या दिवसांतल्या उमरग्यात, माझा दोस्त मल्लू याच्या अंगणात जाऊन पोचलो.

मल्लूनं घरची ऑटोमॅटिक गाडी खोलून तिला हातानं टाकायचे गिअर बसवले होते, क्लचचं पेडल जोडलं होतं आणि वर इंजिनाचा जोर वाढवायला भंगारातला टर्बोही चढवला होता. इंजिन सुरू झालं तशी त्या टर्बोची शिट्टी अशी घुमली, की पार कर्नाटकातली माणसं रेल्वे आली म्हणून पिशव्या घेऊन उठली! खोटं वाटत असेल तर विचारून या.

मल्लूला भुशाच्या शेडात गॅरेज काढायचं होतं. त्याच्या वडिलांची, अप्पांची अट एकच, "गाडी धड चालली तर शेड तुझं. न्हाय तर गुमान किराणा दुकानात बसायचं."

मी चाकांखाली लिंबं ठेवली. अप्पा टोपी घट्ट धरून मागं बसले. तेव्हा आम्हाला लई हसू आलं. आज कळतं, त्या गाडीत बसायची हिंमत सगळ्या गल्लीत त्यांनी एकट्यानंच केली होती.

मल्लूनं क्लच झटकन सोडला. गाडी बेडकासारखी उडाली आणि रस्त्याला लागली. चक्कर मारून परत येते, तर चारही लिंबं अख्खी! लिंबू चिरडलं नाही म्हणजे अपशकुनच. मल्लूचा चेहरा पडला.

अप्पा उतरले. त्यांनी लिंबं वेचली, धोतराला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"आत दे, सरबत करा म्हणावं. आन् मल्ल्या, बघतो काय? शेडातला भुसा काढायला लाग."