जाळ्याला वळसा

गस्ती बोटीचा सुकाणूवाला आधी मासेमार होता. अंगावर सरकारी गणवेश चढला, तरी हात मासेमाराचेच राहिले. दुसऱ्याच्या जाळ्यावरून बोट न्यायची नाही, हे त्या हातांना बापाने शिकवलं होतं. गेल्या खेपेस याच सवयीने घात केला. संरक्षित पाण्यात घुसलेला परदेशी ट्रॉलर अगदी टप्प्यात होता. त्याने दोर तोडून जाळं मागे सोडून दिलं. साहेब "सरळ घे, सरळ!" म्हणून ओरडत राहिले आणि याने जाळ्याला वळसा घातला. तेवढ्यात ट्रॉलर हद्दीबाहेर. तिथे त्याला हात लावायची मुभा नव्हती.

तेव्हापासून धक्क्यावर त्याचं नाव 'वळसा' पडलं. साहेबांनी बजावलं, "आणखी एक सुटला, तर सुकाणू सोडायचं आणि धक्क्यावर दोर धरायला बसायचं."

"दोर तरी सरळ धराल ना?" बायकोने विचारलं.

पुढचा ट्रॉलर बेटापलीकडे दिसला. नाव झाकायला ताडपत्री, जाळं पाण्यात, चाल गोगलगायीची. वळशाने बोट भलत्याच दिशेला फिरवली.

"अरे, जहाज तिकडे आहे."

"दिसतंय साहेब. बेटाच्या आडून त्याच्या पुढे जाऊ. मागून गेलो की तो जाळं सोडून देणार आणि मी वळणार. माझा मला भरवसा नाही."

"आणि सुटला तर?"

"दोर आहेच की."

इंजिनवाल्याने खालून डोकं वर काढलं. "काय वळसेराव, आज कुठून फिरवून आणताय?"

"तू इंजिन तापू देऊ नकोस, म्हणजे झालं."

बोट बेटाला जवळजवळ घासत सुसाट निघाली. लाटेवर आपटली की दात वाजत. टोक ओलांडलं आणि ट्रॉलर थेट समोर आला. आता हद्द बोटीच्या पाठीशी होती. पळायची वाट बंद. साहेबांनी कर्ण्यावरून थांबायचा हुकूम दिला. ट्रॉलरवर धावपळ उडाली. त्यांनी नेहमीसारखे दोर तोडले. जाळं मागे सुटलं, पण मागे अडवायला कुणी नव्हतंच. कप्तान गडबडला. त्याने जहाज गर्रकन फिरवलं आणि आला त्याच वाटेने पूर्ण वेगात सोडलं.

वळशाचे डोळे विस्फारले. "अहो साहेब, जाळ्यावर घालतोय. स्वतःच्याच!"

जाळ्याच्या तरंगत्या गोळ्यांची रांग ट्रॉलरखाली गेली. पाठोपाठ कर्कश खरखर, काळ्या धुराचा लोट आणि मग शांतता. जहाजाच्या तळच्या पंख्यात जाळं पक्कं गुंडाळलं गेलं होतं. एवढं मोठं जहाज लाटांवर आडवं होऊन डुलू लागलं.

इंजिनवाला खाली शिट्ट्या मारत होता. साहेबांनी टोपी सारखी केली.

"चल, बोट लाव त्याला. आणि डावीकडून घे, इकडे जाळं पसरलंय."

"तिकडूनच घेतोय," वळसा म्हणाला.

ट्रॉलर बांधून बंदरापर्यंत ओढत आणायला दुपार झाली. दोर इंजिनवाल्याने धरला होता.