एकेचाळीस नंबरचा चेंडू

समजा, तुमच्या गुडघ्यांत एक लाकडी शिकंजा आहे. शिकंज्यात लोकरीचा धागा गुंडाळून केलेला टणक गोळा, आणि त्यावर पांढऱ्या ओलसर कातड्याचे दोन तुकडे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे कापलेले. कडेची भोकं आधीच पाडलेली आहेत. मेण लावलेल्या लाल दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आता शिवा. एकशे आठ जोडटाके. दर टाक्याला दोन्ही हात पंखांसारखे बाजूला न्यायचे आणि दोरा ओढायचा. कमी ओढलात तर चेंडू उसवतो, जास्त ओढलात तर कातडं फाटतं. आणि हे सगळं कातडं वाळायच्या आत.

माझ्या मावशीने असे दिवसाला तीस बेसबॉल शिवले. बावीस वर्षं. आता तिचे दंड असे आहेत की घरात कुठल्याही बरणीचं झाकण अडलं की बरणी तिच्याकडे जाते.

बेसबॉल जगात कसा पसरला हे आमच्या कारखान्याला खोक्यांवरून कळत गेलं. मावशी लागली तेव्हा खोक्यांवर अमेरिका आणि जपान एवढीच लेबलं असायची. मग कोरिया आलं, ऑस्ट्रेलिया आलं, इटली आलं. नवं लेबल दिसलं की शिलाई विभागात कुरकुर सुरू.

"घ्या, अजून एका देशाला वेड लागलं!"

हे म्हणणारी मावशीच्या शेजारच्या बाकावरची चिमणी. अंगाने लहान आणि तोंड सतत चालू, म्हणून चिमणी. तिचा नंबर एकेचाळीस, मावशीचा चाळीस. खेळ कसा असतो हे दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. "लाकडाने बडवूनच काढायचा असेल तर इतका नीट शिवायचा कशाला, ताई?" असं चिमणी विचारायची, आणि मावशी दातांत दोरा धरूनच हसायची.

नंबर महत्त्वाचा. शेवटचे टाके घालण्याआधी आपल्या नंबरची नखाएवढी चिठ्ठी कातड्याखाली सरकवायची, अशी आमची पद्धत आहे. चेंडू परत आला तर कापून बघायचं, कोणाचा आहे ते.

तीन वर्षांपूर्वी हा खेळ आमच्या गावातल्या शाळेतही पोचला. मुलींचा संघ निघाला, निवड ठरली. चिमणीच्या लेकीला खेळायचं होतं आणि पालकांची सही तिथेच हवी होती. त्या दिवशी चिमणीचे सहा चेंडू शिवायचे उरले होते.

"जा गं तू," मावशी म्हणाली. "चिठ्ठ्या ठेवून जा. मी उरकते."

हे नियमाबाहेरचं, पण एकमेकींसाठी सगळ्याच करायच्या. मावशीने आपले तीस संपवले आणि मग ते सहा घेतले. पाच नीट झाले. सहाव्याला हात भरून आले होते आणि कातडं वाळत चाललं होतं. शेवटचे दहा-बारा टाके तिने नुसते घातले, ओढले नाहीत. अंगठ्याने दाबून बघितलं. शिवण हलली. तिने चेंडू टोपलीत टाकला.

चार महिन्यांनी तो परत आला. सोबतच्या पत्रात दोन ओळी होत्या: सामन्यात फेकताना शिवण सुटली, चेंडू भलतीकडे गेला.

तो मीच कापला. मी तेव्हा तपासणी विभागात नवीन होते, डिप्लोमा होऊन वर्षही झालं नव्हतं. वजन, परीघ, दोऱ्याचा ताण, सगळं मोजलं, शिवणीचा मोठा फोटो लावला आणि तळाशी जाड अक्षरांत लिहिलं: नंबर एकेचाळीस. अहवाल चार पानांचा झाला म्हणून मी घरी सगळ्यांना दाखवलाही होता. मावशीलासुद्धा. ती म्हणाली, "छान लिहिलंयस," आणि चहा ठेवायला उठली.

मुकादमांनी चिमणीला बोलावून तो चेंडू तिच्यासमोर टेबलावर ठेवला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नंबर माझाच आहे." दुसऱ्या दिवसापासून तिला पॅकिंगला टाकलं. दिवसभर उभं राहून खोक्यांना देशांची लेबलं चिकटवायची. कुशल कामगारांच्या यादीतून नाव गेलं. चिमणी तिथूनही ओरडायची, "ताई, आज ब्राझील!" मावशी मान वर न करता शिवत राहायची.

तो चेंडू मावशीने शिवला होता हे मला ठाऊक नव्हतं. कळलं ते गेल्या महिन्यात, शाळेच्या मैदानावर.

चिमणीची लेक आता संघाची मुख्य फेकणारी आहे. सामन्याला आम्ही तिघी बाकावर बसलो होतो, मावशी मध्ये. आयुष्यात पहिल्यांदाच ती आपला चेंडू उडताना बघत होती. पाण्याच्या बाटल्या ठेवायला मास्तर आमच्याजवळ आले, तेव्हा तिने विचारलं, "मास्तर, चेंडू मध्येच उसवला तर?"

"पळणाऱ्या थांबेपर्यंत तोच चालवतात, मावशी. मग बदलतात."

मास्तर गेले. मावशी चिमणीकडे न बघता म्हणाली, "तो चेंडू मी शिवला होता."

"माहितीये," चिमणी म्हणाली. तिचं लक्ष लेकीकडे होतं.

"कधीपासून?"

"टेबलावर बघितला तेव्हाच. डावखुऱ्या बाईची गाठ पलीकडच्या अंगाला पडते. शेजारी बसून इतकी वर्षं काय माशा मारल्या का मी?"

मला माझा फोटो आठवला. गाठ त्यात स्वच्छ दिसत होती. मी सगळं मोजलं होतं, पण गाठ कुठल्या अंगाला आहे ते बघितलंच नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?" मावशीने विचारलं.

"माझी चिठ्ठी तुला दिली म्हटलं असतं तर दोघी घरी बसलो असतो." चिमणीने शेंगदाण्याची पुडी तिच्या मांडीवर ठेवली. "आणि मला वाटलं, तू मला तरी सांगशील. आधी आठवडाभर वाट बघितली. मग म्हटलं, वेड्यासारखी वाट काय बघायची. लेबलं लावायला लागले."

मावशीने पुडी उघडली नाही. पदराला हात पुसत राहिली, जसं काही त्यांना मेण लागलं होतं. सामना कोणी जिंकला ते आम्हाला चिमणीच्या ओरडण्यावरून कळलं.

सोमवारी सकाळी, घंटा व्हायच्या आधी मावशी मुकादमांसमोर उभी राहिली. मी दारात होते. तिने सगळं सांगितलं, मधलं काही गाळलं नाही. अंगठ्याने दाबल्यावर शिवण हलली होती, हेसुद्धा.

"कळूनही टोपलीत टाकलात?" मुकादम म्हणाले.

"माझा नंबर असता तर उसवून पुन्हा शिवला असता," ती म्हणाली. "तिचा होता म्हणून टाकला."

मुकादमांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग चिमणीचं नाव यादीत परत आलं आणि मावशीचं गेलं. आता मावशी पॅकिंगला उभी असते. चिमणी बाकावरून ओरडते, "ताई, आज कुठला देश?" मावशी उत्तर देते, पण हळू.

काल मला म्हणाली, "तुला इंग्रजी येतं. तो चेंडू जिथून परत आला, तिकडे एक पत्र लिहिशील?"

"काय लिहू?"

ती लेबलाची कड अंगठ्याने दाबत होती, पुन्हा पुन्हा, चिकटल्यावरसुद्धा.

"एवढंच विचार. त्या दिवशी ज्याच्या हातून चेंडू भलतीकडे गेला, त्याला कोणी सांगितलं का, की चूक तुझी नव्हती?"